देवडीवरचा नवा पहारेकरी

इ.स. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आपली छावणी टाकली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले, हा इतिहास आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. दक्षिणेतून आलेल्या सरदार-मानकऱ्यांनी येथे जे वाडे बांधले, त्यांच्या रचनेत एक गोष्ट मोठी अर्थपूर्ण होती. दरवाजाच्या आत दोन्ही अंगांना देवड्या असत आणि तेथे पहारेकरी बसे. त्याचे तोंड रस्त्याकडे असे व पाठ वाड्याकडे. कोण आला, कोण गेला, हे त्याने पाहावे, एवढेच त्याचे काम. माजघरात कोण काय बोलले, कोण कोणावर रुसले, हे पाहण्याचा अधिकार त्याला नव्हता. आणि तसे तो पाहू लागला असता, तर दुसऱ्याच दिवशी त्याच्या हाती नारळ मिळाला असता.

काळ बदलला. आपल्या जयेंद्रगंजातील जुनी घरे पडून नव्या इमारती उभ्या राहिल्या, एका वाड्याची चार बिऱ्हाडे झाली, आणि देवडीवरचा तो माणूस नाहीसा झाला. त्याच्या जागी आज एक यंत्र येऊन बसले आहे. दुकानांच्या माथ्यावर, घरांच्या दर्शनी भिंतींवर, जिन्याच्या तोंडाशी कॅमेऱ्याचा वाटोळा डोळा आपणांस दिसतो. त्या डोळ्यांनी पाहिलेले सारे ज्या काळ्या पेटीत साठते, तिला डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर, अथवा बोलीभाषेत नुसते डी.व्ही.आर., असे म्हणतात. पोथीएवढ्या आकाराची ही पेटी एखादा कारागीर अर्ध्या दिवसात बसवून जातो. परंतु ती बसवली म्हणजे सुरुवात झाली, असे मात्र मला वाटत नाही. ती काय पाहील, किती दिवस जपून ठेवील आणि ते कोणी पाहावे, या तीन प्रश्नांची उत्तरे घरातील सर्वांनी एकत्र बसून ठरवावी आणि मगच तिची कळ दाबावी, असे माझे मत आहे. तेच या लेखात मांडावयाचे आहे.

प्रथमच सांगितले पाहिजे की, मी या यंत्राचा विरोधक नाही. त्याचा जन्मच मुळी एका गृहिणीच्या खऱ्याखुऱ्या गरजेतून झालेला आहे. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची एक परिचारिका राहत असे. तिच्या व तिच्या पतीच्या कामाच्या वेळा अवेळच्या असल्यामुळे तिला पुष्कळदा रात्री घरी एकटे राहावे लागे. दार वाजले की बाहेर कोण आहे, हे दार न उघडता कळावे, अशी तिची इच्छा होती. पती आल्बर्ट हे विद्युत्-यंत्रांचे जाणकार होते. त्या दोघांनी मिळून १९६६ साली घराच्या संरक्षणाच्या एका योजनेसाठी पेटंटचा अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी त्यांना ते पेटंट मिळाले. दारात निरनिराळ्या उंचीवर चार भोके, त्यांतून वर-खाली सरकत पाहणारा एक कॅमेरा, आतल्या खोलीत चित्र दाखविणारा पडदा आणि दुरूनच कडी काढण्याची सोय, अशी ती योजना होती. आजच्या घरगुती कॅमेऱ्यांच्या कुळाचा शोध घेतला, तर तो या परिचारिकेपर्यंत जाऊन पोचतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मेरीबाईंचा कॅमेरा दाराबाहेर पाहत होता. भय बाहेरचे होते, म्हणून दृष्टीही बाहेर होती.

आता या पेटीचे काम कसे चालते, ते थोडक्यात पाहू. कारण यंत्र समजल्यावाचून त्याविषयी मत बनविणे हे अंधारात तीर मारण्यासारखे आहे. कॅमेऱ्याकडून तारेने आलेले चित्र ही पेटी आकड्यांच्या रूपात आणते, दाबून लहान करते आणि आपल्या पोटातील हार्ड डिस्कवर लिहून ठेवते. चार, आठ किंवा सोळा कॅमेरे जोडता येतील अशा पेट्या बाजारात मिळतात. साधारण घराला चार पुरेत. समजा, एका कॅमेऱ्याचे चित्र दर सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने लिहिले जात आहे. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे एका कॅमेऱ्याला दिवसाकाठी २१.६ गिगाबाइट जागा लागेल आणि चार कॅमेऱ्यांना ८६.४ गिगाबाइट. हार्ड डिस्क एक टेराबाइटची, म्हणजे १,००० गिगाबाइटची असेल, तर ती सुमारे साडेअकरा दिवसांत भरेल. चित्र दाबण्याची एच.२६५ ही नवी पद्धत वापरली, तर तेवढ्याच जागेत जवळजवळ दुप्पट दिवस मावतात. डिस्क भरली की यंत्र थांबत नाही. सर्वांत जुने पुसून त्यावर नवे लिहू लागते. हे गणित विद्यार्थ्यांनी घरी स्वतः करून पाहावे. बारा दिवसांपूर्वीची घटना तेराव्या दिवशी शोधू गेलेल्यास ती का सापडत नाही, याचा उलगडा त्यातून होईल.

याखेरीज दोन-तीन व्यावहारिक गोष्टी आहेत. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो; तेव्हा ही पेटी बंद कपाटात कोंडू नये, तिला वारा लागला पाहिजे. वीज गेली की पहाराही जातो, म्हणून तिला इन्व्हर्टरची जोड द्यावी. अहोरात्र लिहिण्याच्या कामासाठी वेगळ्या प्रकारची हार्ड डिस्क मिळते, तीच घ्यावी. आणि कॅमेऱ्याच्या भिंगावरचे कोळ्याचे जाळे अधूनमधून पुसावे. रात्री कॅमेरा जो अदृश्य प्रकाश फेकतो, तो या जाळ्यावर आपटून परत येतो, आणि मग सकाळी पाहावे तो चित्रात पांढऱ्या धुक्यावाचून काही नसते.

हे झाले यंत्राचे. आता पहिला प्रश्न : यंत्राने काय पाहावे?

आपल्या गल्ल्या अरुंद आहेत. समोरच्या घराचा ओटा, शेजारच्यांची गच्ची, पलीकडच्या स्वयंपाकघराची खिडकी, ही सारी आपल्या कॅमेऱ्यापासून आठ-दहा हातांवर असतात. आपण कॅमेरा बसवतो आपल्या दारासाठी. पण तो पाहू लागतो समोरच्या काकू वाळवण कधी घालतात आणि त्यांच्याकडे पाहुणे कोण येतात ते. काकूंनी याला संमती दिलेली नाही. पुष्कळदा त्यांना हे ठाऊकही नसते. भिंतीला कान असतात, असे आपले वाडवडील म्हणत. आता भिंतीला डोळेही फुटले आहेत. आणि काही कॅमेऱ्यांना आवाज टिपण्याची सोय असल्यामुळे ती म्हण अक्षरशः खरी ठरली आहे. म्हणून कॅमेरा खाली वळवून आपल्या उंबऱ्यावर रोखावा, आवाज टिपणे बंद ठेवावे, आणि तरीही शेजाऱ्याची खिडकी दिसतच असेल, तर चित्राचा तेवढा भाग काळा करून टाकण्याची जी सोय बहुतेक यंत्रांत असते, ती वापरावी. त्यानंतर शेजाऱ्यांना एकदा घरी बोलावून पडद्यावरचे चित्र दाखवावे. हा शिष्टाचार तर आहेच. पण चहाच्या एका पेल्यात पुढच्या दहा भांडणांचे मूळ त्याने नाहीसे होते.

घराच्या आतील कॅमेऱ्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. हा हक्क घराच्या बाहेरच्यांविरुद्धच आहे, असे कोणी समजू नये. २०२५ साली कलकत्ता उच्च न्यायालयापुढे एकाच घरात राहणाऱ्या सहनिवासीयांचा वाद आला होता. एकाने घराच्या राहत्या भागात कॅमेरे बसविले होते आणि दुसऱ्याची त्याला संमती नव्हती. संमतीवाचून असे करणे हे खाजगीपणाच्या हक्कावर आक्रमण आहे, असे त्या न्यायालयाने ठरविले. आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयात हात घालण्याचे नाकारले. एका वाड्यात चार बिऱ्हाडे नांदणाऱ्या आपल्या वस्तीला या निर्णयापासून पुष्कळ शिकण्यासारखे आहे. सामायिक चौक, सामायिक जिना, सामायिक नळ, यांवर कोणाही एकाचा डोळा नको. बसवावयाचाच असेल, तर सर्वांच्या संमतीने बसवावा.

आपल्या घरांतील आणखी एक परिस्थिती येथे विचारात घेतली पाहिजे. ग्वाल्हेरची पुष्कळ मराठी मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुणे, इंदूर, बंगळूर अशा दूरच्या शहरी गेली आहेत आणि मागे वृद्ध आई-वडील एकटे राहतात. ही मुले काळजीपोटी घरात कॅमेरे बसवून देतात आणि आपल्या फोनवर घर पाहत असतात. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. एखाद्या आजोबांचा पाय घसरला आणि ते मुलाने दुरून पाहून शेजाऱ्यांना कळविले, तर त्या यंत्राचे पांग फिटले, असेच म्हणावे लागेल. तथापि, आजींच्या पलंगासमोर कॅमेरा बसविण्यापूर्वी त्यांना विचारले होते काय? त्यांना तो कोठे आहे आणि कोण केव्हा पाहते, हे माहीत आहे काय? ज्या बाईने आयुष्यभर आपल्या घरावर राज्य केले, तिने आता आपल्याच खोलीत पदर सावरून बसावे काय? काळजी आणि पाळत यांच्यामधली रेषा संमतीची आहे. दारावर, अंगणात, जिन्याशी कॅमेरा असू द्या. निजण्याची व स्नानाची जागा त्यापासून सर्वस्वी मुक्त ठेवा. आणि रोज सायंकाळी एकदा फोन करून आईशी बोला. कॅमेऱ्यात आई चालताना दिसते. तिचे मन कसे आहे, ते दिसत नाही.

हीच गोष्ट घरी कामाला येणाऱ्या बायांची आणि हीच अभ्यासाला बसलेल्या मुलांची. कॅमेरा आहे, हे कामवाल्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगावे; लपविलेला डोळा हा संशयाचा डोळा असतो. आणि मुलाच्या अभ्यासाच्या मेजावर कॅमेरा रोखणाऱ्या पालकांना मी नम्रपणे विचारीन की, कोणी पाहत असताना केलेला अभ्यास आणि कोणी पाहत नसताना केलेला अभ्यास, यांतला कोणता मुलाच्या अंगी मुरतो?

दुसरा प्रश्न : किती दिवस जपून ठेवावे? ज्याची गरज नाही, ते पुसले जाणे हा यंत्राचा दोष नसून गुण आहे. दहा-पंधरा दिवसांत चोरी वा अपघात उघडकीस येतोच; तेवढ्या अवधीचे चित्रण घराला पुरे. तेवढ्यात काही घडलेच, तर नेमका तो भाग तत्काळ वेगळा काढून ठेवावा, कारण यंत्र कोणासाठी थांबत नाही. मात्र जपलेले चित्रण खरे ठरावे, यासाठी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट आधी करावी लागते. ती म्हणजे यंत्राचे घड्याळ बरोबर लावणे. याचे महत्त्व जालन्याच्या एका खटल्यावरून कळून येईल. २०१४ साली महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीत जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत दाखल झाला की नंतर, असा वाद निर्माण झाला, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील व्हिडिओ चित्रण न्यायालयापुढे आले. म्हणजे सारा प्रश्न घड्याळाच्या काट्याचा! हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले नसेल आणि चित्रणाची केवळ प्रत दिली असेल, तर तिच्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र असलेच पाहिजे, असा दंडक त्या न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी घालून दिला. आज हाच नियम २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमात आहे. तेव्हा घड्याळ चुकीचे, प्रत कोणी काढली याची नोंद नाही, मूळ पुसले गेलेले, अशा चित्रणाचा संकटकाळी फारसा उपयोग होत नाही, हे ध्यानी ठेवावे.

तिसरा प्रश्न : हे कोणी पाहावे? माझ्या विद्यार्थिमित्रांनो, येथे मी विशेषेकरून तुमच्याशी बोलत आहे. घरात नवे यंत्र आले की वडील आणि आजोबा ते तुमच्या हाती सोपवितात. “तूच लाव बाबा, तुला कळते,” असे म्हणतात. त्यामुळे पासवर्ड तुम्ही ठरविता, फोनवर चित्र दिसण्याची व्यवस्था तुम्ही करता, आणि पुष्कळ घरांत या पहारेकऱ्याचे खरे धनी तुम्हीच होऊन बसता. हा मोठा विश्वास आहे, आणि तो पेलण्यासाठी दोन गोष्टी अवश्य करा.

पहिली ही की, कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. २०१६ साली मिराई नावाचा एक दुष्ट प्रोग्रॅम जगभर पसरला. कारखान्यातून आलेली नावे व पासवर्ड यांच्या सुमारे ६० जोड्या त्याच्याजवळ होत्या, आणि त्या बळावर तो घरोघरच्या कॅमेऱ्यांत व व्हिडिओ रेकॉर्डरांत शिरत असे. अशा गुलाम केलेल्या यंत्रांच्या सैन्याने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील डिन या कंपनीवर हल्ला केला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी मोठी संकेतस्थळे काही तास असंख्य लोकांना दिसेनाशी झाली. आपल्या घरातील पेटी आपल्या नकळत दुसऱ्याच्या घरावर दरोडा घालावयास जाते, हा केवढा दैवदुर्विलास! मिराई लिहिणाऱ्या तीन अमेरिकन तरुणांनी २०१७ साली न्यायालयात आपला गुन्हा कबूल केला. बुद्धी त्यांच्यापाशी होती. उणीव होती ती विवेकाची. तेव्हा लांब व अवघड पासवर्ड ठेवा, तो वडीलधाऱ्यांना लिहून द्या, आणि दुरून पाहण्याची गरज नसेल, तर ही पेटी इंटरनेटला जोडूच नका. जोडल्यावाचूनही तिचे लिहिण्याचे काम उत्तम चालते.

दुसरी गोष्ट संयमाची. शेजारचे आजोबा ओट्यावर अडखळले, धाकटी बहीण अंगणात रडली, कोणा पाहुण्याची फजिती झाली, असले चित्रण तुमच्या हाती येईल आणि ते मित्रांना पाठविण्याचा मोह होईल. तो आवरा. एकदा फोनवरून सुटलेले चित्र धनुष्यातून सुटलेल्या बाणासारखे असते. ते परत येत नाही. दुसऱ्याच्या असावध क्षणाची गंमत करणे, यात कसलाही पराक्रम नाही.

यावर कोणी म्हणतील की, ज्याच्या मनात पाप नाही, त्याने कॅमेऱ्याला का भ्यावे? हा प्रश्न वरवर पाहता बिनतोड वाटतो. पण आपण पत्र पाकिटात घालून पाठवितो, ते पापाचे असते म्हणून काय? स्नानगृहाला दार असते, ते काय चोरीचा माल लपविण्यासाठी? आई आणि मुलगी माजघरात हळू आवाजात बोलतात, तेव्हा त्या काही कट रचीत नसतात. माणसाला चुकण्यासाठी, रडण्यासाठी, पुन्हा उभे राहण्यासाठी थोडी आडोशाची जागा लागते, आणि ती जागा म्हणजेच घर. ती नाहीशी झाली, तर चार भिंती उरतील; घर उरणार नाही.

दुसरे कोणी म्हणतील की, या साऱ्यासाठी कायदा आहेच की! कायदा आहे, पण त्याचा हात घराच्या उंबऱ्याशी आखडतो. स्त्रीच्या खाजगी कृत्यांचे चोरून चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमान्वये गुन्हा आहे, आणि तो असलाच पाहिजे. परंतु लोकांच्या माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली जो डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला, त्यात एखाद्या व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक अथवा घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती वगळलेली आहे. याचा अर्थ असा की, आपल्या घरातील या पेटीचा पुष्कळसा कारभार कायद्याने आपल्याच सद्सद्विवेकावर सोपविला आहे. मला यात कायद्याची उणीव दिसत नाही. आपली परीक्षा मात्र दिसते.

म्हणून माझे सांगणे इतकेच. घरी डी.व्ही.आर. आणावयाचे ठरले, तर कारागिराला बोलाविण्यापूर्वी एका सायंकाळी आजी-आजोबांपासून धाकट्या भावंडापर्यंत सर्वांनी एकत्र बसावे. एक कागद घ्यावा. कॅमेरे कोठे असतील व कोठे मुळीच नसतील, चित्रण किती दिवस राहील, पासवर्ड कोणाकोणास ठाऊक असेल, आणि चित्रण पाहावयाचे झाल्यास कोणाच्या समक्ष पाहावे, हे त्यावर लिहावे. ज्यांच्यावर तो डोळा राहणार, त्यांतील एकाही व्यक्तीने “नको” म्हटले, तर तेवढी जागा सोडून द्यावी. मग ती व्यक्ती सहा वर्षांची असो की ऐंशी वर्षांची. लिहिण्याचे काम, विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही करा; तुमचे अक्षर चांगले आहे आणि यंत्रही तुम्हालाच कळते. मात्र त्या कागदावर पहिली सही आजींची घ्या.